सिनिअर इयरमध्ये ग्रेड घसरल्या, तर मिळालेली ॲडमिशन जाते का?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका आईचा आहे. मुलगा पब्लिक हायस्कूलमध्ये बारावीत. अकरावीपर्यंत जवळजवळ सगळे ए. जानेवारीच्या शेवटी एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंगला अर्ली ॲक्शनमधून (लवकर अर्ज करून लवकर निकाल) ॲडमिशन मिळाली आणि घरी पेढे वाटून झाले. आता एप्रिलमध्ये तिसऱ्या मार्किंग पिरियडचं, म्हणजे शाळेच्या वर्षाच्या चार भागांपैकी तिसऱ्याचं, रिपोर्ट कार्ड आलं: एपी (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) कॅल्क्युलस बीसीला सी, "एपी फिजिक्स सी" या कोर्सला 66 म्हणजे डी, इंग्लिशला बी मायनस. मुलाचे वडील म्हणतात, "ॲडमिशन झाली आहे, आता कोण बघतंय?" आईला झोप नाही. तिने चार गोष्टी विचारल्या आहेत. ॲडमिशन जाईल का? फिजिक्स सोडून द्यावं का? कॉलेजला आपण फोन करावा का? आणि खबरदारी म्हणून दुसऱ्या कॉलेजातही डिपॉझिट भरून ठेवावं का?

ताई, मी हायस्कूलमध्ये काउन्सेलर म्हणून बरीच वर्षं काम करते आहे आणि हा प्रश्न दर वसंतात माझ्या टेबलावर असतो. सरळ उत्तर हे: तुम्ही लिहिलेल्या ग्रेडवर, आज या घडीला, ॲडमिशन गेलेली नाही. पण "कोण बघतंय" हेही खरं नाही. बघतात. जूनमध्ये तुमच्या मुलाच्या शाळेतून फायनल ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे हायस्कूलच्या सगळ्या ग्रेडचा अधिकृत कागद, कॉलेजला जाईल, तिथे माणूस ते उघडेल आणि अर्जाच्या वेळच्या ग्रेडशी ताडून पाहील. आत्ता आणि त्या दिवसाच्या मध्ये जेमतेम दोन महिने आहेत. एवढ्या वेळात बरंच सावरता येतं.

ॲडमिशनचं पत्र आनंदाच्या भरात कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. ते आज काढून वाचा. कुठेतरी असं वाक्य असेल की ही ऑफर अटींवर आहे आणि शेवटच्या वर्षाचा अभ्यास अर्जाच्या वेळी होता त्याच दर्जाचा राहिला पाहिजे. कॉमन ॲपवरून (एकाच फॉर्मने अनेक कॉलेजांना अर्ज करायची सोय) अर्ज केला असेल तर मुलाने स्वतः सही करून हेच मान्य केलेलं आहे: सगळ्या ऑफर सशर्त असतात आणि फायनल ट्रान्सक्रिप्ट आल्यावरच पक्क्या होतात. "त्याच दर्जाचा" म्हणजे नेमकं काय, हे बरीच कॉलेजं आकड्यात सांगत नाहीत. मुद्दाम सांगत नाहीत, कारण त्यांना प्रत्येक केस वेगळी बघायची मुभा हवी असते. काही मात्र स्पष्ट लिहितात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे कॅम्पस सर्वसाधारणपणे म्हणतात की सिनिअर इयरमध्ये कुठल्याही कॉलेज-प्रेप विषयात डी किंवा एफ नको आणि वर्षाचा अनवेटेड जीपीए (एपीचे जादा गुण न धरता काढलेली, 4 पैकी ग्रेडची सरासरी) 3.0 च्या खाली नको. शब्द कॅम्पसगणिक थोडे बदलतात. डी मिळाला किंवा विषय बदलला, तर विद्यार्थ्याने स्वतःहून कळवलं पाहिजे, हीही तिथली अट आहे. तुमच्या पत्रात, किंवा मुलाच्या ॲडमिशन पोर्टलवरच्या अटींच्या पानावर, असा आकडा किंवा असं कलम आहे का ते आधी शोधा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आकडा नसेल, तर माझ्या अनुभवातला अंदाज सांगते. ए चा बी झाला तर कोणी काही विचारत नाही. एखादा सी आला आणि बाकी चांगलं असेल, तर बहुतेक स्टेट युनिव्हर्सिट्या सोडून देतात. फार चुरशीची प्रायव्हेट कॉलेजं मात्र एक पत्र पाठवून कारण विचारू शकतात. दोन-तीन सी, किंवा एक डी, आणि तोही ज्या शाखेत जायचं त्याच्या मुख्य विषयात, तिथे पत्र येईल असं धरून चालावं. एफ आला, किंवा एकाहून जास्त डी आले, तर धोका खरा आहे. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाच्या कॅल्क्युलस आणि फिजिक्सकडे कॉलेज वेगळ्या नजरेने बघतं, कारण सप्टेंबरमध्ये त्याला तिथे नेमकं तेच पुढे न्यायचं असतं. ॲडमिशन युनिव्हर्सिटीत राहते पण इंजिनिअरिंगमधून काढून दुसऱ्या शाखेत टाकतात, असंही घडतं, आणि नंतर आतून इंजिनिअरिंगला बदली मिळवणं अनेक ठिकाणी अवघड असतं.

इंग्लिशबद्दल एक वेगळी गोष्ट. बी मायनसची काळजी नाही, पण तो विषय घसरू देऊ नका. न्यू जर्सीत डिप्लोमासाठी इंग्लिशचे 20 क्रेडिट, म्हणजे चार वर्षांचं इंग्लिश लागतं. बारावीचं इंग्लिश नापास झालं तर प्रश्न कॉलेजचा राहत नाही, हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनचाच होतो, आणि डिप्लोमाशिवाय चार वर्षांची कॉलेजं सहसा दार उघडत नाहीत. मुलं कॅल्क्युलसच्या भीतीत याच विषयाकडे दुर्लक्ष करतात.

आता ट्रान्सक्रिप्टचं गणित. हे पालकांना कोणी समजावून सांगत नाही आणि धीर किंवा धोका दोन्ही यातच असतात. तुमच्या मुलाचं फिजिक्स घेऊ. समजा, पहिल्या पिरियडला 91, दुसऱ्याला 84, तिसऱ्याला 66. तुमच्या भागातल्या बऱ्याच शाळा ट्रान्सक्रिप्टवर वर्षाची एकच ग्रेड लिहितात, चारही पिरियडची सरासरी काढून. पहिल्या तिघांची बेरीज 241. चौथ्या पिरियडला त्याने 79 आणले की बेरीज 320, सरासरी 80. कॉलेजला दिसेल तो बी मायनस. तो डी कुठे दिसणारसुद्धा नाही. चौथ्यालाही 66 च राहिले तर सरासरी 76.75, म्हणजे सी.

हाच मुलगा जर प्रत्येक सेमिस्टरची ग्रेड वेगळी लिहिणाऱ्या शाळेत असता, तर चित्र पार वेगळं झालं असतं. तिथे समजा दोन पिरियडना 40-40 टक्के आणि फायनल परीक्षेला 20 टक्के वजन आहे. 66 आणि 79 मिळाले, परीक्षेत 75 मिळाले, तर दुसरं सेमिस्टर 73, म्हणजे सी. आणि चौथ्या पिरियडलाही 66 राहून परीक्षेत 70 मिळाले तर 66.8, म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर कायमचा डी. पहिल्या सेमिस्टरची पुण्याई दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीच्या मुलाला काय झालं, यावरून आपल्या मुलाचं ठरवू नका. उद्या शाळेच्या काउन्सेलरला एवढंच विचारा: ट्रान्सक्रिप्टवर वर्षाची ग्रेड जाते की सेमिस्टरची, मिडटर्म आणि फायनलला किती वजन आहे, आणि मार्किंग पिरियडच्या ग्रेड कॉलेजला दिसतात का? या तीन उत्तरांवर तुमची निम्मी झोप परत येईल.

दुसरं, शाळेचं ग्रेडचं पोर्टल उघडा. पॉवरस्कूल असो, जेनेसिस असो, नुसती वरची ग्रेड बघून बंद करू नका, विषयावर क्लिक करून आतली एकेक ओळ वाचा. मुलासोबत बसून वाचा, त्याच्या पाठीमागे नाही. हुशार मुलाची ग्रेड अचानक 84 वरून 66 वर येते, तेव्हा बहुतेक वेळा त्याला फिजिक्स येईनासं झालेलं नसतं. आत शून्यं असतात. न दिलेली लॅब रिपोर्ट, न भरलेला होमवर्क, गैरहजेरीत बुडालेली आणि नंतर न दिलेली क्विझ. पाच क्विझमध्ये 90-90 असले आणि सहाव्याचं शून्य लागलं की सरासरी 90 वरून थेट 75 वर येते. याचा अर्थ त्या एका शून्याच्या जागी उशिराचा दंड कापून 60 जरी मिळाले, तरी सरासरी 85 होते. पुढच्या टेस्टला रात्रभर जागून जे मिळणार नाही, ते जुनी लॅब लिहून दिल्याने मिळतं. म्हणून आधी शिक्षकांना विचारायचं, यातलं काय अजून स्वीकाराल? शिक्षक चौथ्या पिरियडमध्ये तिसऱ्याचं काम घेतीलच असं नाही, पिरियड बंद झालेला असतो. पण एप्रिलपासूनचं एकही शून्य राहता कामा नये. हे विचारायला मुलाने जायचं, वर्ग संपल्यावर, समोरासमोर. आईची ईमेल गेली की शिक्षक नियमाचं बोट दाखवतात. तोच मुलगा "मला हे सावरायचंय, कुठून सुरू करू?" म्हणून उभा राहिला की बहुतेक शिक्षक खुर्ची पुढे करतात.

पण शून्यं का लागली, हा खरा प्रश्न आहे. त्यावर मी थोडी थांबणार आहे, कारण आपल्या घरांत तो शेवटी विचारला जातो, कधी विचारलाही जात नाही.

ॲडमिशन मिळाल्यावर मुलं सैलावतात हे खरं. चार वर्षं एसएटी, एपी, रोबोटिक्स, व्हॉलंटिअरिंग, निबंध. पत्र आलं की अंगातलं सगळं बळ एकदम निघून जातं. ए चा बी होणं मी त्यात धरते. 91 वरून 66 हे नुसतं सैलावणं नसतं. त्यामागे काहीतरी असतं: रात्री तीनपर्यंत जागणं आणि पहिला तास बुडणं, मित्राशी किंवा मैत्रिणीशी तुटणं, दहावीपर्यंत हुशारीवर झाकलं गेलेलं आणि आता उघडं पडलेलं एडीएचडी, किंवा नैराश्य. कधी कारण घरातच असतं. वडिलांची नोकरी गेली, एच-1बी व्हिसावर नवी नोकरी शोधायला मिळणारे 60 दिवस मोजले जातायत, आईबाबा कुजबुजतात आणि मुलाला वाटतं की आपल्या कॉलेजचा खर्चच आता कोणाला परवडणार नाही, मग अभ्यास कशाला करायचा. अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. आणि काही मुलांना ती शाखाच नको असते. इंजिनिअरिंग सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं आणि त्याचं "नको" तोंडातून येत नाही, फिजिक्सच्या ग्रेडमधून येतं.

म्हणून या आठवड्यात एक बोलणं करा ज्यात ॲडमिशनचा विषय काढायचा नाही. गाडीत, जेवण झाल्यावर, जिथे तो बोलतो तिथे. "तुला हल्ली कसं वाटतंय? झोप लागते का? मी विचारलं नव्हतं, आता विचारते." आणि गप्प बसा. तो पहिल्यांदा "फाइन" म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. त्याचं जेवण, झोप, मित्र सगळंच बदललं असेल, कशातच रस नसेल, "माझं काही होणार नाही" अशी भाषा असेल, तर ग्रेड बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर किंवा शाळेतल्या सायकॉलॉजिस्टला गाठा. जिवाची भीती वाटली तर 988 वर फोन किंवा मेसेज करा. ती देशभर चोवीस तास चालणारी सेवा आहे. आणि गणपतीला मंडळात लोक काय विचारतील, हे त्याच्या कानावर पडू देऊ नका. वर्षानुवर्षं बघते आहे, घरी सांगायची लाज वाटली म्हणून मुलं गप्प राहतात आणि गप्प राहण्यात मार्च-एप्रिल निघून जातात.

कारण आजारपणाचं निघालं, शारीरिक असो की मानसिक, तर त्याचे कागद आत्ता तयार व्हायला हवेत. डॉक्टरांची तारखेनिशी नोंद, शाळेतलं 504 प्लॅनचं (आजारपणामुळे मिळणाऱ्या सवलतींचं) अर्जपत्र, काउन्सेलरशी झालेल्या भेटीची ईमेल. जुलैमध्ये कॉलेजने विचारल्यावर लिहून घेतलेल्या पत्राला वजन कमी असतं, एप्रिलच्या नोंदीला जास्त. यातच एक सोयही लपलेली आहे: आजारपण असेल तर शाळा "इन्कम्प्लीट" देऊन काम पुरं करायला काही आठवडे वाढवून देऊ शकते. त्यात एकच पाहायचं, ते इन्कम्प्लीट फायनल ट्रान्सक्रिप्ट जाण्याच्या मुदतीपूर्वी ग्रेडमध्ये बदलेल ना.

आता फिजिक्स सोडण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: एप्रिलमध्ये सोडू नका. अर्जात त्याने बारावीचे विषय लिहून दिले होते आणि कॉलेजने ते पाहून ॲडमिशन दिली. त्यातला एपी फिजिक्स गायब झाला तर कॉलेजच्या लेखी तो बदल आहे, आणि न कळवता केलेला बदल ही ॲडमिशन काढून घेण्याच्या कारणांपैकी एक आहे. शिवाय इतक्या उशिरा सोडलं की ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, किंवा त्याहून वाईट, नापास होत असताना सोडल्याची खूण लागू शकते. त्यापेक्षा वर्षाचा सी बरा. एपीवरून साध्या फिजिक्समध्ये उतरण्याची मुभा शाळा देत असेल आणि मुलगा खरोखरच बुडत असेल, तर तो मार्ग विचारात घ्या, पण कॉलेजकडून "चालेल" असं लेखी आल्यावरच. फोनवर कोणीतरी हो म्हणाल्याचं जुलैमध्ये कोणाला आठवत नाही.

मे महिन्यातल्या एपी परीक्षेची चिंता त्याच्या डोक्यावर असेल तर ती थोडी उतरवा. अमेरिकन कॉलेजं एपीच्या स्कोअरवरून सहसा ॲडमिशन काढत नाहीत. कमी आला तर क्रेडिट मिळत नाही, एवढंच. वर्गातली ग्रेड महत्त्वाची. ज्यांनी ब्रिटनमधल्या युनिव्हर्सिटीतही अर्ज केला आहे त्यांच्यासाठी मात्र हे अगदी उलटं आहे. तिथली ऑफर एपीच्या स्कोअरवरच बांधलेली असू शकते.

कॉलेजला फोन करावा का? तुम्ही नाही. आणि मुलानेही आजच नाही. अटींच्या पानावर "डी आला की कळवा" असं कलम असेल, तर काउन्सेलरला विचारा की मार्किंग पिरियडचा डी त्यात येतो का, आणि येत असेल तर लगेच कळवा, तिथे थांबण्याचा प्रश्न नाही. तसं कलम नसेल तर पुढचे चार आठवडे काम करू द्या. मेच्या मध्याला काउन्सेलरबरोबर बसून ट्रान्सक्रिप्टवर काय दिसणार याचा अंदाज घ्या. बी मायनस किंवा एखादाच सी दिसत असेल तर कळवायची गरज नाही. कॅल्क्युलस आणि फिजिक्स दोन्हींत सी, किंवा कशातही डी, अशी लक्षणं असतील, तर ट्रान्सक्रिप्ट पोहोचण्याआधी मुलाची ईमेल पोहोचली पाहिजे. ही गोष्ट मी सगळ्यात ठामपणे सांगेन. ॲडमिशन ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला आधी विद्यार्थ्याकडून कळलं आणि मग कागद आला, तर तो कागद तो समजून घेण्यासाठी वाचतो. कागद आधी आला आणि विद्यार्थी गप्प, तर प्रश्न ग्रेडचा राहत नाही, लपवल्याचा होतो. तुमच्या काउन्सेलरलाही हे आधी माहीत हवं, कारण फायनल रिपोर्ट भरून तेच पाठवतात, आणि कॉलेजने शाळेत फोन केला तर तो त्यांच्याकडेच येतो. त्यांच्या तोंडून "हो, मला ठाऊक आहे, एप्रिलपासून तो दर आठवड्याला माझ्याकडे येतोय" हे वाक्य निघालं, तर ते कुठल्याही शिफारसपत्राहून मोठं ठरतं.

ईमेल मुलाच्या नावाने, मुलाच्या शब्दांत, तुमच्या भागासाठी नेमलेल्या ॲडमिशन ऑफिसरला. तुम्ही बोलायला गेलात तर ते सौजन्याने ऐकतील पण फारसं काही सांगणार नाहीत. त्यांचा व्यवहार अर्जदाराशी असतो, आणि फेर्पा या कायद्यानुसार कॉलेजात गेल्यावर शैक्षणिक नोंदींचे हक्क विद्यार्थ्याचेच होतात. ही सवय दोघांनाही आत्तापासून लागलेली बरी. ईमेलचा आशय साधारण असा असावा, तो इंग्रजीत स्वतः लिहील:

"मी येत्या फॉलमध्ये इंजिनिअरिंगला येणार आहे. माझी तिसऱ्या मार्किंग पिरियडची फिजिक्सची ग्रेड डी होती आणि कॅल्क्युलसची सी. फेब्रुवारीपासून मी नीट झोपत नव्हतो आणि लॅबचं काम देणं थांबवलं. वेळेवर मदत मागितली नाही, ती मागायला हवी होती. एप्रिलपासून मी दर मंगळवारी शिक्षकांकडे थांबतो, राहिलेल्या सगळ्या लॅब दिल्या आहेत आणि शेवटच्या दोन टेस्टमध्ये मला 81 आणि 84 मिळाले. वर्षाची ग्रेड सी येईल असं दिसतंय. तुम्हाला ट्रान्सक्रिप्टमधून कळण्याआधी मी सांगावं असं वाटलं. माझ्या काउन्सेलरना हे माहीत आहे. मी आणखी काही करावं, उन्हाळ्यात एखादा कोर्स घ्यावा, असं असल्यास कळवा."

इतकंच. शिक्षक कडक होते, एपी अवघड आहे, वर्गातल्या सगळ्यांचेच मार्क पडले, यातलं एकही वाक्य नको. आणि आकडे खरे हवेत. सुधारणा झालीच नसेल तर ती लिहायची नाही, म्हणून आधी सुधारणा आणि मग ईमेल.

जूननंतर काय होतं तेही सांगते. जुलैमध्ये पत्र येऊ शकतं. सौम्य पत्र नुसती ताकीद देतं. त्याहून वरचं पत्र दहा-पंधरा दिवसांत लेखी स्पष्टीकरण मागतं. काही ठिकाणी पहिलं सेमिस्टर प्रोबेशनवर ठेवतात, उन्हाळ्यात कोर्स करायला सांगतात किंवा सप्टेंबरऐवजी जानेवारीत या म्हणतात. ॲडमिशन पूर्ण काढून घेणं ही शेवटची पायरी. यातली बहुतेक पत्रं मुलाच्या ईमेलवर किंवा पोर्टलवर येतात, आणि उन्हाळ्यात मुलं ते उघडत नाहीत. कुटुंब महिनाभर भारतात गेलेलं असतं, उत्तराची मुदत टळून जाते, आणि उत्तर न आल्यावर कॉलेज निर्णय घेऊन टाकतं. जून ते ऑगस्ट आठवड्यातून दोनदा पोर्टल बघायचं, कुठेही असलात तरी.

कागदपत्रांच्या मुदतीही तितक्याच कडक असतात. 2017 च्या उन्हाळ्यात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन कॅम्पसने सुमारे 500 विद्यार्थ्यांच्या ॲडमिशन काढून घेतल्या होत्या. त्यातल्या अनेकांच्या ग्रेड ठीक होत्या, ट्रान्सक्रिप्ट वेळेत पोहोचलं नव्हतं एवढंच. त्या वर्षी अपेक्षेपेक्षा शेकड्यांनी जास्त मुलांनी होकार दिला होता, आणि वर्ग भरून वाहू लागला की अटी अक्षरशः लावल्या जातात. खूप ओरड झाली, चॅन्सेलरनी माफी मागितली आणि ट्रान्सक्रिप्टच्या कारणावरून काढलेल्यांना परत घेतलं. ग्रेडमुळे गेलेल्यांची गोष्ट इतकी सोपी नव्हती. म्हणून फायनल ट्रान्सक्रिप्ट शाळेने पाठवलं का आणि कॉलेजच्या पोर्टलवर "मिळालं" असं दिसतंय का, या दोन्ही गोष्टी तपासा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची मुदत 1 जुलै असते. तुमच्या कॉलेजची पोर्टलवर लिहिलेली असेल.

अर्जात ग्रेड स्वतः टाइप केल्या असतील तर त्याही एकदा ट्रान्सक्रिप्टशी जुळवा. चुकून बी च्या जागी ए पडला असेल तर आत्ताच सांगून दुरुस्त करता येतो. नंतर ती खोटी माहिती ठरते, आणि तिथे कोणी फारसं ऐकून घेत नाही.

पैशाचंही बघून ठेवा. ॲडमिशन टिकते आणि स्कॉलरशिप जाते, हे जास्त वेळा होतं आणि त्याची चर्चा कोणी करत नाही. कॉलेजच्या मेरिट स्कॉलरशिपच्या पत्रात शेवटच्या जीपीएची अट असू शकते. काही राज्यांच्या योजना थेट हायस्कूलच्या जीपीएवर चालतात. जॉर्जियात होप स्कॉलरशिपला 3.0 लागतो आणि झेल मिलरला 3.7, आणि 3.7 च्या काठावर असलेल्या मुलाला बारावीचे दोन सी त्या रेषेखाली नेऊ शकतात. तुमच्या मुलाला काही मिळालं असेल तर ते पत्रही पुन्हा वाचा.

आणि सगळं करून ॲडमिशन गेलीच तर? पत्रात अपील करायची मुदत असते, ती पाळा. अपील मुलाने लिहायचं, सोबत काउन्सेलरचं पत्र आणि असतील तर डॉक्टरांचे कागद. जानेवारीत घ्याल का, ठरावीक कोर्स करून ट्रान्सफर म्हणून घ्याल का, हे विचारा. हॉस्टेलचं आणि नोंदणीचं डिपॉझिट परत मिळतं का तेही विचारा, संकोच नको. तेव्हाही काही चार वर्षांच्या कॉलेजांत जागा असतात. नॅकॅक ही काउन्सेलरांची राष्ट्रीय संघटना दर मे महिन्यात जागा शिल्लक असलेल्या कॉलेजांची यादी प्रसिद्ध करते. आणि काउंटी कॉलेज, म्हणजे काउंटीचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. आपल्या लोकांत याला नाक मुरडतात आणि मला त्याचा राग येतो. न्यू जर्सीत काउंटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. ही दोन वर्षांची पदवी पूर्ण केली की तिचे क्रेडिट राज्यातल्या पब्लिक चार वर्षांच्या कॉलेजांनी धरावेत अशी कायद्याने सोय आहे. शाळेत पहिल्या 15 टक्क्यांत असलेल्या मुलांसाठी एनजे स्टार्स ही राज्याची स्कॉलरशिप आहे, त्यात तिथली ट्यूशन भरली जाते. तुमचा मुलगा अकरावीच्या शेवटी त्या 15 टक्क्यांत असेल तर तो आजही पात्र ठरू शकतो. इंजिनिअरिंगला पुढे जायचं असेल तर कॅल्क्युलस आणि फिजिक्सचा क्रम कुठल्या कॉलेजला जुळतो ते पहिल्याच दिवशी ट्रान्सफर ॲडव्हायझरला विचारायचं. दोन वर्षांनी मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जाऊन बसलेली आणि उत्तम चाललेली मुलं मला नावानिशी माहीत आहेत.

राहिलं दुसरं डिपॉझिट. भरू नका. 1 मेपर्यंत एकाच कॉलेजला होकार द्यायचा असतो. दोन ठिकाणी भरलेलं कळलं तर दोन्ही कॉलेजं ऑफर मागे घेऊ शकतात, म्हणजे ज्या भीतीने भरलं तीच खरी होईल. शिवाय ते दुसरं कॉलेजही हेच ट्रान्सक्रिप्ट मागणार आहे. वेटलिस्टवर नाव ठेवायला हरकत नाही, त्यावर बंधन नाही. काउंटी कॉलेजची दारं ऑगस्टपर्यंत उघडी असतात, त्यासाठी आज पैसे अडकवायची गरज नाही. 1 मेपर्यंत एक डिपॉझिट भरा आणि याच आठवड्यात मुलाला फिजिक्सच्या सरांकडे लॅबची यादी घेऊन पाठवा.